सांदण, रतनगड, अमृतेश्वर, रंधा: एका दिवसात. कशाला?

डोंगरकिडा
काल एका भटक्या ग्रुपवर भंडारदऱ्याकडच्या ट्रिपची पोस्ट फिरत होती. 'सांदण दरी, रतनगड, अमृतेश्वर आणि रंधा फॉल एका दिवसात, फुल्ल पैसा वसूल. सांदण ही आशियातली दोन नंबरची दरी.' डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

दोन नंबर कोणी दिला? हरिश्चंद्रगडच्या कोकणकड्यावर पालथं पडून एकदा खाली बघा, मग आशियाच्या गप्पा मारा. सांदणची गंमत तिच्या आकारात नाहीच. कातळात पडलेली अरुंद चीर, वर आभाळाची फीत, भर दुपारी अंधारलेलं. ते सोडून नंबर काय लावताय!

एका दिवसात एकच काहीतरी करा. दोर-हार्नेस आणि जाणता माणूस बरोबर असेल तर दरी पूर्ण उतरा आणि करोली घाटाने दरीच्या तोंडाशी असलेल्या सामरद गावाला परत चढा, पिंडऱ्या आठवडाभर आठवण काढतील. नाहीतर गडाच्या पायथ्याच्या रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळाचं कोरीवकाम निवांत बघून शिड्यांनी रतनगड करा. नेढ्यात, म्हणजे गडावरच्या कातळातल्या आरपार भोकात, वारा खायलाच अर्धा तास लागतो. तिथून दोन्हीकडचं पाणी दिसतं, म्हणजे समजतं. रतनवाडीकडे पडलेला पाऊस प्रवरेतून गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जातो, सांदणीत पडलेला कोकणात उतरून अरबी समुद्रात. तुमची गाडी मात्र तेवढ्यात रंध्याला पोचलेली असते.

रविवारचा_राजा
तुम्हाला सुट्ट्या मिळतात साहेब, आनंद आहे. माझी शनिवारची शिफ्ट रात्री संपते आणि सोमवारी सकाळी सातला पुन्हा हजेरी. वडील ६८ वर्षांचे, गुडघे गेलेले. त्यांना दरीतल्या पहिल्या पाण्यापर्यंत नेलं, धोंड्यावर बसवलं. तासभर वर बघत बसले. मग अमृतेश्वर, रंधा, घरी. ते वर्षभर तेच सांगत होते. हा पैसा वसूल नव्हे तर काय?

ऱ्हस्वदीर्घ
चर्चा चांगली आहे, पण शब्द 'सांधण' असा हवा. दोन कडे जिथे सांधले जातात ती सांधण.

डोंगरकिडा
@ऱ्हस्वदीर्घ तिथे कडे सांधलेत की फाटलेत? सांद म्हणजे फट. सांदीकोपरा कधी ऐकला नाहीत का?

ऱ्हस्वदीर्घ
दरीच्या तोंडाशी पठार येऊन मिळतं, ते सांधणंच. शिवाय 'सांदण' म्हणजे फणसाच्या रसातला गोड पदार्थ. तुम्ही फणस खायला गेला होतात का?

मालवणी_मसाला
सांदणाचं नाव काढलंत म्हणून आले. वाफवलेलं सांदण नारळाच्या दुधाबरोबर खायचं, आणि फणस बरकाच हवा, काप्याचं जमत नाही. चालू द्या.

बोरीबंदर
रत्नागिरीकडे आंब्याच्या रसातलंही करतात.

मालवणी_मसाला
करतात. पण त्याला सांदण म्हणू नये.

ऱ्हस्वदीर्घ
बघा! म्हणजे शब्द पदार्थाचाच आहे.

डोंगरकिडा
धागा दरीचा आहे हो! गावाच्या पाटीवर काय लिहिलंय ते बघून या आणि मग भांडा.

ऱ्हस्वदीर्घ
पाटीवर तर 'स्वच्छतागृह'सुद्धा चुकीचं लिहिलेलं असतं.

अकोलेवाला
फणस खाऊन झाला असेल तर आमचंही ऐका. तुम्ही दोघं दरी कशी बघायची यावर भांडताय, तिथल्या माणसांचं काय? मी याच पट्ट्यातला. बाहेरून एकजण चाळीस पोरं घेऊन यायचा, तंबू त्याचे, ताटं आमच्या घरची. पिठलं-भाकरी, ठेचा, भात. हिशेब 'पुढच्या ट्रिपला'. तीन ट्रिपा झाल्या, मग त्याने फोन उचलणं बंद केलं.

आणि इतिहास म्हणून फक्त गडाचे दरवाजे मोजता. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. इंग्रजांनी १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. भंडारदऱ्याला येणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत आहे? धरणाचे फोटो काढता, धरणही १९२६ साली पूर्ण झालेलं. पाणी खाली उसाला जातं, वरच्या वाड्यांत मे महिन्यात बायका हंडे घेऊन फिरतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, दुसरं काय.

रविवारचा_राजा
दादा, हे मनाला लागलं. पण एका दिवसात येणाराही तुमच्याकडे जेवतोच ना?

अकोलेवाला
जेवतो. रोख देतो. खरं सांगू? मुक्कामी पोरांपेक्षा तुमच्या वडिलांसारखी माणसं बरी. बाटल्या टाकत नाहीत, रात्री दोनला स्पीकर लावत नाहीत. काजव्यांच्या दिवसांत तर ही मुक्कामी पोरं डोळ्यांवर टॉर्च मारत फिरतात, मग काजवे कुठले दिसायला?

डोंगरकिडा
@रविवारचा_राजा बरं, वडिलांना नेलंत ते उत्तम केलंत. घ्या, लेखी देतो. पण वडिलांना घेऊन जाणं वेगळं आणि पन्नास जणांची बस हाकणं वेगळं. चिडण्याचं खरं कारण सांगतो. मागे एका एप्रिलमध्ये आम्ही दरीत होतो. रतनगडावर ढग काळा झाला. आमच्या गाववाल्या वाटाड्याने नुसतं वर बघितलं आणि 'परत' म्हणाला. मागून आलेल्या ग्रुपचा लीडर म्हणे, 'थांबलो तर रंधा राहील.' वाटाड्याने त्यांना अक्षरशः शिव्या घालून बाहेर काढलं. आम्ही सामरदला चहा घेत होतो तेव्हा दरीतून लाल पाणी चाललं होतं. त्या चिरेत बाजूला सरकायला जागा नसते. वेळापत्रक गच्च असलं की माणूस आभाळाकडे बघत नाही.

रविवारचा_राजा
हे आधी लिहिलं असतंत तर मी भांडलोच नसतो. 'कशाला?' असं शीर्षक देऊन वर आम्हालाच शिकवता.

डोंगरकिडा
शीर्षक बदलता येत नाही इथे. नाहीतर ऱ्हस्वदीर्घांनी आधी ते शुद्ध करून मागितलं असतं.

ऱ्हस्वदीर्घ
मागणारच होतो. 'सांधण'.

अकोलेवाला
माझ्या आज्ज्याला दोन्ही लिहिता येत नव्हतं. गुरं हाकत जायचा तिकडे. पाऊस उघडल्यावर या, आधी फोन करा. जेवणाचे पैसे त्याच दिवशी.