मदत हवी आहे: मोडी कागदांच्या टीईआयमध्ये ‘रीझन’ला कुठल्या व्हॅल्यू ठेवाव्यात?

नमस्कार मंडळी,

पेशवाईतल्या मोडी पत्रांचं देवनागरी लिप्यंतर टीईआय पी५मध्ये (मजकुरावर एक्सएमएल खुणा करायच्या पद्धतीत) बसवतोय. काम तिघांत वाटलंय आणि कसरीने खाल्लेली ओळ आली की तिघांचे तीन सूर. ‘गॅप’च्या (न दिलेल्या मजकुराची खूण) ‘रीझन’ या कारणाच्या खणात एक जण ‘कसर’ लिहितो, दुसरा ‘कागद फाटका’, तिसरी सरळ ‘इल्लेजिबल’ (वाचता येत नाही). मग शोध घेताना निम्मी पत्रं हाती लागतच नाहीत. टीईआयच्या मार्गदर्शिकेतल्या सुचवलेल्या यादीत कॅन्सल्ड, एडिटोरियल, सॅम्पलिंग वगैरे आहे, अगदी इनऑडिबलसुद्धा (पत्राला काय ऐकायचंय!), पण किडीला जागा नाही. आपली यादी करावी का? केली तर मराठीत चालेल?

दुसरं, ‘सु॥ इहिदे सबैन मया व अलफ’ असा काळ असेल तर तारखेच्या ‘व्हेन’मध्ये (इसवी सनातली तारीख लिहायचा खण) काय घालायचं?

प्रतिसाद:
तुम्ही दोन प्रश्न एकाच खणात कोंबताय. अक्षर का दिलं नाही ते ‘रीझन’ सांगतं. कागदाचं कशाने नुकसान झालं ते ‘एजंट’. म्हणजे रीझन ‘इल्लेजिबल’, एजंट ‘कसर’. तुकडाच गेला असेल तर मात्र ‘लॉस्ट’ ठेवा, शिलालेखांसाठी टीईआय वापरणारे एपिडॉकवाले हा भेद पाळतात. पुढेमागे कोणी दुसरी प्रत बघून गाळलेलं भरायला बसलं, की तो उपयोगी पडतो.

ओडीडीत (आपल्या प्रकल्पाचे टीईआय नियम लिहायची फाइल) रीझनची यादी ‘क्लोज्ड’ करा, म्हणजे भलतं काही लिहिलं की तपासणीतच अडकेल. एजंटची ‘सेमी’ (नवी भर चालेल अशी) ठेवा; वाळवी, ओल, शाईने जळलेला कागद, काय निघेल सांगता येत नाही. मराठी व्हॅल्यू चालतात, फक्त मध्ये जागा सोडू नका. ‘कागद फाटका’ या रीझनमध्ये दोन व्हॅल्यू मोजल्या जातात. मी स्वतः इंग्रजी व्हॅल्यू ठेवून प्रत्येकीच्या ‘डेस्क’मध्ये (वर्णनाच्या खणात) मराठी खुलासा लिहीन.

इहिदे सबैन मया व अलफ म्हणजे १ + ७० + १०० + १०००, शुहूर सन ११७१. तो ‘व्हेन-कस्टम’मध्ये (इतर कालगणनांचा खण), सोबत कालगणना सांगणारं ‘डेटिंग मेथड’. शुहूर वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होतं, म्हणजे दोन इसवी सनांत पसरतं, म्हणून नुसता सन असेल तर ‘व्हेन’ नको. ‘नॉट बिफोर’ १७७०, ‘नॉट आफ्टर’ १७७१. चंद्ररात्र (हिजरी महिन्यातला दिवस) दिली असेल, तर जंत्री (तारखा जुळवायचं कोष्टक) काढून नेमका दिवस घाला.