ब्लँक बर्फात अमोनियम आणि क्लोराइड येतंय, मदत हवी आहे

हिमनदीच्या बर्फासोबत ब्लँक (तुलनेसाठीचा कोरा नमुना) म्हणून १८.२ मेगाओहम-सेंमीच्या अतिशुद्ध पाण्याचा बर्फ आयन क्रोमॅटोग्राफीवर (पाण्यातले आयन वेगळे करून मोजायची पद्धत) लावतोय. तेच पाणी न गोठवता दिलं तर आलेखातलं शिखर (पीक) जवळपास सपाट. उणे २० अंशांना गोठवून, बाहेरचे ५ मिमी सिरॅमिक सुरीने तासून वितळवलं, की अमोनियम आणि क्लोराइड दोन्ही वर. पाण्याच्या विद्युत चालकतेवरून काही कळत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला तरी ती ०.०५५ वरून १ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमीच्या आसपास जातेच.

भांडी पॉलिप्रॉपिलीनची, ५ वेळा त्याच पाण्याने विसळलेली. आम्ल मुद्दाम वापरलं नाही. अमोनियमसाठी संशय श्वास आणि फ्रीजरमधल्या हवेवर, पण क्लोराइडचं काय? हातमोजे?

दुसरी अडचण मिठाच्या पाण्यापासून गोठवलेल्या बर्फाची. कडेला मीठ कमी, मधोमध जास्त. गोठताना ते आत ढकललं जातं, हे ठीक. पण उणे २१.२ अंशांच्या (मिठाचं पाणी पूर्ण गोठतं ते तापमान) वर ते बर्फाच्या कणांच्या सांध्यांत खारट द्रव म्हणूनच राहतं आणि सुरीबरोबर फासलं जातं. म्हणून उणे ३० ला तासावं, की सुरी सोडून बाहेरचा थर शुद्ध पाण्याने धुवून काढावा? भेगांतून पाणी आत जाईल ही धास्ती आहे. द्रव नायट्रोजनमध्ये झटपट गोठवलेला बर्फ तर तडकतोच. कुणी दोन्ही करून पाहिलंय का?