ओईईचा एकच आकडा पुरेसा नाही

भोसरी-चाकण पट्ट्यातील पुरवठादारांची तुलना यंत्रांच्या ओईई (ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस, म्हणजे यंत्राची एकूण परिणामकारकता) या एकाच आकड्यावरून करावी, ही सूचना मला पटत नाही. हा आकडा उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा गुणाकार असतो. सर्रास आदर्श मानले जाणारे ९०, ९५ आणि ९९.९ टक्के गुणले की ८५.४ येतात, पण तिन्ही घटक ९५ टक्के धरले तर ८५.७, म्हणजे किंचित अधिकच, येतात, आणि तिथे शंभरातले पाच नग सदोष निघालेले असतात. विमानाच्या इंजिनाचे भाग घेणाऱ्याने या दुसऱ्या कारखान्याला सरस का ठरवावे? तिथे गुणवत्ता वेगळीच नोंदली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

वेळेवर पुरवठ्याचेही तसेच आहे. एका जुळणीला (असेंब्लीला) लागणारे दहा भाग प्रत्येकी ९५ टक्के वेळा वेळेवर येत असतील आणि त्यांच्या विलंबांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर दहाही भाग एकाच वेळी हजर असण्याची शक्यता सुमारे ६० टक्केच उरते. त्यामुळे पुरवठादारनिहाय टक्केवारीसोबत, ठरल्या दिवशी किती जुळण्या पूर्ण संचासह सुरू झाल्या, हेही मोजावे.