ब्राइड्सहेडचं खरं घर कोणतं?
इव्हलिन वॉच्या ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’ या इंग्रजी कादंबरीतलं ब्राइड्सहेड हे घर म्हणजे यॉर्कशायरचा कॅसल हॉवर्ड हा वाडाच, असं बहुतेक जण गृहीत धरतात. कादंबरीवरच्या १९८१च्या टीव्ही मालिकेचं चित्रीकरण तिथे झालं, त्यामुळे ते साहजिक आहे. पण कादंबरीतलं घर विल्टशायरमध्ये आहे आणि तिथलं प्रार्थनाघर वूस्टरशायरच्या मॅड्रेसफील्ड कोर्टवरून घेतलेलं आहे. लिगॉन कुटुंबाचं हे घर खंदकाने वेढलेलं, लाल विटांचं. कॅसल हॉवर्डसारख्या घुमटाचा पत्ता नाही. प्रार्थनाघरातली भित्तिचित्रं मात्र बघाच, त्यात घरातली मुलंही रंगवली आहेत.

आता कॅसल हॉवर्डबद्दल. १६९९ मध्ये कार्लाइलच्या तिसऱ्या अर्लने हे काम व्हॅनब्रूला दिलं. तो नाटककार! एकही इमारत उभारल्याचा अनुभव नाही. सोबतीला मुरलेला वास्तुकार हॉक्समूर होता म्हणून निभावलं, आणि माझ्या मते इंग्लिश बरोक या भव्य, नाट्यमय शैलीची सगळ्यात धिटाईची वास्तू उभी राहिली. राहत्या घरावर एवढा मोठा घुमट चढवायचा, ही छाती व्हॅनब्रूचीच.

पश्चिमेची बाजू पूर्वेशी का जुळत नाही, असं कुणीतरी विचारलं होतं. व्हॅनब्रू १७२६ मध्ये गेला तेव्हा ती बाजू बांधायचीच राहिली होती. पुढे अर्लचा जावई सर थॉमस रॉबिन्सनने ती पॅलेडियन, म्हणजे जास्त साध्या, अभिजात शैलीत उभारली. मूळ आराखडा पाळायला हवा होता, असं मला आजही ठामपणे वाटतं.

नोव्हेंबर १९४० च्या आगीत घुमट कोसळला. आज दिसतो तो साठच्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा बांधलेला.