मदत हवी आहे: डायबेटिस + सेप्सिसच्या सॅम्पलमध्ये एमडीए अवाच्या सवा येतंय

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेससाठी (ऑक्सिडेशनने पेशींची होणारी हानी) प्लाझ्मातलं एमडीए (मॅलोनडायल्डिहाइड, चरबीच्या ऑक्सिडेशनमधून बनणारा पदार्थ) टीबीए पद्धतीने, म्हणजे थायोबार्बिट्युरिक अ‍ॅसिडसोबत उकळून येणारा रंग, ५३२ नॅनोमीटरला मोजतोय. नुसता डायबेटिस किंवा नुसता सेप्सिस (जंतुसंसर्गाला शरीरभर उठणारी गंभीर प्रतिक्रिया) असलेले ग्रुप नीट येतात पण दोन्ही असलेल्यांत काही रीडिंग पार स्टँडर्ड कर्व्हच्या (माहीत प्रमाणांवरून काढलेल्या आलेखाच्या) बाहेर. ईडीटीए ट्यूब (रक्त गोठू न देणारी), लगेच सेंट्रिफ्यूज, उणे ८० ला साठवण, उकळण्याआधी बीएचटी (अँटिऑक्सिडंट), सगळं करून झालं. लालसर सॅम्पल आधीच बाजूला काढलीत, हिमोलिसिसने (तांबड्या पेशी फुटल्याने) आकडा फुगतो म्हणून. उरलेल्यांत काही मात्र हळदीसारखी पिवळी आहेत, वर साखर भरमसाट, आणि बिलिरुबिन (काविळीतलं पिवळं रंगद्रव्य) नि साखर दोन्ही या टेस्टमध्ये लुडबुड करतात. एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) नाहीये, नवीन सॅम्पल मिळणार नाही, प्रत्येकी जेमतेम २०० मायक्रोलिटर उरलंय. मग ब्युटेनॉलने रंग ओढून मोजला तर भागेल, की प्रत्येक सॅम्पलचा टीबीएशिवायचा ब्लँक (टीबीए न घालता घेतलेलं रीडिंग) वजा करू?