मदत हवी आहे: यूएसएएमओ (अमेरिकेचं गणित ऑलिंपियाड) की कॉलेजचा अर्ज?

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत असतो, मुलगी अकरावीत. एएमसी १२ (त्याची पहिली फेरी) मधून एआयएमईला (दुसरी फेरी) पोचली, यूएसएएमओ मात्र थोडक्यात हुकलं. एआयएमईत ३ तासांत १५ प्रश्न; शेवटचे चार-पाच तिला अजून दाद देत नाहीत.

खरी अडचण वेळापत्रकाची. पुढची एएमसी नोव्हेंबरात, एआयएमई फेब्रुवारीत, आणि एमआयटीच्या अर्ली ॲक्शनची (लवकर करायच्या अर्जाची) मुदत १ नोव्हेंबर. म्हणजे बारावीत यूएसएएमओसाठी निवड झाली तरी अर्जात ती दिसणारच नाही! मग सुट्टी पुन्हा कॉम्बिनेटोरिक्समध्ये (मोजणीच्या गणितात) घालवावी, की निबंधांवर? (तिचं मत विचारू नका, तिला फक्त गणितं हवीत.)

शिवाय, स्टेट युनिव्हर्सिटीत पहिल्याच वर्षी वरच्या वर्गाचे गणिताचे कोर्स घेऊ देतात का? ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी कृपया सांगा. नुसतं ‘रँकिंग बघा’ नको, ते पाठ झालंय.