नावाचं हलतं ग्राफिक करताना ‘ज्ञा’ आणि ‘र्मि’ फुटायलेत, काय करावं?

सेलूकर_स्टुडिओ
नमस्कार मंडळी. सेलूला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या ऑर्डरीसोबत आता नवरा-नवरीच्या नावाचं हलतं ग्राफिकबी मागायलेत लोक. व्हॉट्सॲपवर पाठवायला एक, हॉलच्या एलईडी पडद्यावर लावायला एक. आत्ताच्या पार्टीला नाव एकेक अक्षर करत उमटायला हवंय, हातानं लिहिल्यागत. नावं ज्ञानेश्वर आणि शर्मिला.

फोटो-चित्रांचं गिंप २.१० सॉफ्टवेअर आहे माझ्याकडं. दर लेअरला (एकावर एक ठेवलेल्या थराला) एक कळ जास्त दाबत गेलो आणि जीआयएफ, म्हणजे हलत्या चित्राची फाइल, काढली. आधी ‘ज’, मग पाय मोडलेला ‘ज्’, मग एकदम ‘ज्ञ’. ‘शर्मिला’त तर सुटा ‘र’ येतो, गायब होतो, ‘म’च्या डोक्यावर जाऊन बसतो, मग वेलांटी मधी घुसून ‘म’ला पुढं ढकलते. नाव मध्यावर धरलंय म्हणून दर फ्रेमला सगळं डावीकडं सरकतंय ते वेगळंच. नवरीचे मामा बघून म्हणले, “हे नाव हाय का गारुड्याचा खेळ?” यूट्यूबवरचे धडे सगळे इंग्रजी नावाचे. कुणी मराठीत केलंय का?

जुना_ब्रश (लातूर)
सेलूकर, टाइप करत करत फ्रेमा पाडूच नका. ‘र्मि’ कॉम्प्युटर साठवतो तो र, पाय मोडायची खूण, म, वेलांटी असा. दाखवताना मात्र वेलांटी आधी आणि रफार वर. ती आतली ओढाताण तुम्ही पाव्हण्यांना दाखवायलात. लिहिणारा हात असं कधीच लिहीत नाही.

मी गंजगोलाईच्या आसपास दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरलं, फ्लेक्स आलं तसं कॉम्प्युटरवर डीटीपीला बसलो. पाटीवर आधी खडूनं अख्खं नाव बसवून घ्यायचं, रंगाचा डबा नंतर उघडायचा. इथंबी तसंच करा. खाली पार्श्वभूमीचा लेअर, त्यावर दोन्ही नावं पक्क्या मापात, पक्क्या जागी. मधला ‘आणि’ पार्श्वभूमीवरच चिकटवून टाका, त्याला हलवायचं काही कारण नाही. मग नावाच्या लेअरवर राइट क्लिक करून ‘डिस्कार्ड टेक्स्ट इन्फर्मेशन’. आता ते टाइप राहिलं नाही, चित्र झालं. जागचं हलणार नाही.

तोडायचं कुठं? तोंडानं म्हणून बघा: ज्ञा, ने, श्व, र. श, र्मि, ला. सात तुकडे, त्या लेअरच्या सात कॉप्या. प्रत्येक कॉपीत एका तुकड्याभोवती चौकोनी सिलेक्शन, ते इन्व्हर्ट (उलटं) करून बाकीचं डिलीट. शेवटी मूळ लेअर काढून टाका, नाहीतर पूर्ण नाव मधीच झळकेल. गिंपमध्ये सगळ्यात खालचा लेअर ही पहिली फ्रेम, म्हणून ‘ज्ञा’ पार्श्वभूमीच्या लगेच वर आणि ‘ला’ सगळ्यात वर.

लेअरच्या नावातच वेळ द्यायची: कंसात १५० आणि त्याला चिकटून एमएस (मिलिसेकंद), पुढं दुसऱ्या कंसात कंबाइन. हे सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहा, तरच त्याला कळतं. कंबाइन म्हणजे नवा तुकडा आधीच्यावर चढतो, म्हणून दर लेअरला पूर्ण नाव लागत नाही आणि फाइलबी हलकी राहते. शेवटच्या लेअरला २५०० द्या, लोकांना वाचायला वेळ नको का? २० मिलिसेकंदांच्या खाली जाऊ नका, बहुतेक ब्राउझर ते मानत नाहीत, १०० धरून चालतात. बघायला फिल्टर्समधलं ॲनिमेशन, प्लेबॅक. एक्सपोर्टला ‘ॲज ॲनिमेशन’वर टिक विसरलात तर नुसतं थांबलेलं चित्र निघेल.

आता माझ्या आवडीची गोष्ट. आम्ही अक्षरं आधी काढायचो, शिरोरेषा शेवटी एका हातात ओढायचो. तसंच करा. तुकडे पाडायच्या आधी शिरोरेषेच्या जाडीएवढी आडवी पट्टी कापून वेगळ्या लेअरवर घ्या, तिचे चार-पाच तुकडे करा, डावीकडून उजवीकडं ६०-६० मिलिसेकंदांनी सगळ्यात शेवटी लावा. २५०० मग शेवटच्या पट्टीला. अक्षरं घडीभर उघड्या डोक्यानं उभी राहतील, राहू द्या. रेघ आली की नाव बसतं. मामा गप होतील.

आणि बाबा, ‘शर्मिला’त श पण आहे आणि ल पण. दोन्ही हिंदी वळणाचे टाकू नका, लई डोळ्यात खुपतात. टिरो देवनागरी मराठी हा फुकट फॉन्ट घ्या, त्यात आपलेच श-ल येतात. दुसरा कुठला फॉन्ट असंल तर टेक्स्ट टूलमध्ये भाषा मराठी करून बघा, फॉन्टात सोय असंल तर वळण बदलतं.

नांदेडची_रेवती
काकांची शिरोरेषा मी उद्याच चोरणार आहे! फोटोशॉपवाल्यांसाठी एवढंच: जोडाक्षरंच फुटत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली टेक्स्ट इंजिन बघा. जुन्या आवृत्तीत ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’, नंतरच्या काही आवृत्त्यांत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’. मग नवी फाइल उघडून टाइप करायचं. टाइमलाइन पॅनेलमध्ये फ्रेम ॲनिमेशन घेतलं की बाकी काकांसारखंच, फक्त लेअरच्या नावात वेळ लिहावी लागत नाही, फ्रेमखालीच देता येते.

सेलूकर दादा, एलईडीसाठी जीआयएफ नेऊ नका. ऑपरेटर पेनड्राइव्हवर एमपी४ मागतो, आणि पडद्याचं माप त्याला आधीच विचारून घ्या, सगळेच १६:९ नसतात. फोटोशॉपमध्ये ‘रेंडर व्हिडिओ’नं थेट एमपी४ निघतो. गिंपची जीआयएफ एफएफएमपेग नावाच्या प्रोग्रामनं बदलून मिळेल.

परभणी_४३१
एवढी झिगझिग कामून? मोबाइलवर ॲप आहे, नाव टाकलं की दोन मिनिटांत तयार.

जुना_ब्रश (लातूर)
टाका की ‘ज्ञानेश्वर’. कोपऱ्यात ॲपचं नाव आणि मधी फुटका ‘ज्ञ’ येत नसंल तर मलाबी पाठवा, मीबी वापरीन. पैसे घेऊन देणाऱ्यानं मात्र श आणि ल बघूनच द्यावं.

सेलूकर_स्टुडिओ
काका, जमलं! सात तुकडे आणि वरून रेघ. मामांनी दोनदा लावायला सांगितलं. पण आता नवरदेवाला सोनेरी पाहिजे, झाक मारणारं. सोनेरी ग्रेडियंट (छटा बदलत जाणारा रंग) टाकला तर जीआयएफमध्ये पट्टे-पट्टे पडायलेत. आणि पार्श्वभूमी काढून नुसतं नाव ठेवलं तर कडेला पांढरी किनार दिसायली.

जुना_ब्रश (लातूर)
जीआयएफला एका फ्रेममध्ये २५६ च रंग. सोनेरीच्या छटा त्यात मावत नाहीत, म्हणून पट्टे. एकच सपाट हळदी पिवळा घ्या, खाली गडद मरून. किनार येते कारण जीआयएफमध्ये ठिपका एकतर दिसतो नाहीतर दिसत नाही, अर्धा पारदर्शक चालत नाही. ज्या रंगावर नाव ठेवायचंय तो बॅकग्राउंड कलर करून ‘सेमी-फ्लॅटन’ मारा, कडेचे अर्धे ठिपके त्या रंगात मिसळतात. खरी सोनेरी झाक पाहिजेच असंल तर ती फक्त एलईडीच्या एमपी४ मध्ये द्या, आणि ती जीआयएफवरून बनवू नका, फ्रेमा पीएनजीत काढून बनवा. एकदा गेलेले रंग परत येत नाहीत.

नांदेडची_रेवती
व्हॉट्सॲपला नुसतं नाव हवं असेल तर स्टिकर करा, दादा. ५१२ बाय ५१२ चं हलतं वेबपी (चित्राच्या फाइलचा एक प्रकार), ५०० केबीच्या आत. त्यात अर्धी पारदर्शकता चालते, किनारीचा प्रश्नच येत नाही. फक्त एवढ्या चौकोनात दोन्ही नावं एका ओळीत बारीक दिसतील, खाली-वर लावा.

सेलूकर_स्टुडिओ
खाली-वर लावायचं तर वर कुणाचं नाव, यावरून आता दोन्ही घरी फोन करावा लागंल. विचारून सांगतो.